अण्णांची खुर्ची कोण चालवणार?

पत्र

सप्रेम नमस्कार. आम्ही नाशिकरोडला, जेलरोडवर राहतो. घरात मी, मिस्टर, सासू-सासरे आणि बारावीतली मुलगी. सासरे, म्हणजे आमचे अण्णा, ७८ वर्षांचे आहेत. नोट प्रेसमधून रिटायर झाले. दोन वर्षांपूर्वी त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. डावी बाजू बरीच सुधारली, पण तेव्हापासून विसरणं वाढत गेलंय. न्यूरोच्या डॉक्टरांनी व्हॅस्क्युलर डिमेन्शिया, म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा कमी पडून होणारा विसरण्याचा आजार, सांगितला आहे. घरात वॉकर धरून चालतात, पण लगेच दमतात. दिवाळीपासून दोनदा पडले. साधी व्हीलचेअर घरात आहे, पण ती ढकलणं माईंना, म्हणजे सासूबाईंना, झेपत नाही आणि आम्ही दोघंही दिवसभर नोकरीवर. धाकटे दीर टोरांटोला असतात. त्यांनी अडथळा दिसला की आपोआप थांबणाऱ्या स्मार्ट व्हीलचेअरचे व्हिडिओ पाठवलेत. म्हणतात, पैशाचं मी बघतो, डिसेंबरमध्ये येताना घेऊनच येतो. मिस्टर म्हणतात, ज्यांना जेवल्याचं आठवत नाही त्यांच्या हातात मोटार द्यायची? माई म्हणतात, एकदा त्या खुर्चीत बसले की पुन्हा उठणार नाहीत. मी मधल्या मध्ये अडकले आहे. अशी खुर्ची विसरणाऱ्या माणसाला खरंच सांभाळते का? घ्यावी का?

— एक सून, जेलरोड

उत्तर

ताई, नमस्कार.

विचारलंत तेच आधी सांगते. डिसेंबरमध्ये ती खुर्ची आणू नका. मिस्टरांचं म्हणणं पटलं म्हणून मी हे सांगत नाही, आणि पुढे कधीच नको असंही माझं म्हणणं नाही. कारणं खाली येतीलच. पण तुमच्या पत्रात दिरांचं मत आहे, मिस्टरांचं आहे, माईंचं आहे. ज्यांना खुर्चीत बसायचं त्यांचं नाही. अण्णांना कुठे जावंसं वाटतं, हे कुणी विचारलंय का?

विचारायचीही एक रीत आहे. 'अण्णा, कुठे जायचंय?' असं मोघम विचारलंत तर 'कुठे नाही' एवढंच उत्तर येईल, कारण डिमेन्शियात मोकळा प्रश्न फार जड जातो. सकाळी चहा झाल्यावर, टीव्ही बंद करून, दोनच पर्याय समोर ठेवा: 'मुक्तिधामच्या देवळात जायचं, की खाली गेटपाशी मंडळींत बसायचं?' मोबाइलवर दोन्हींचे फोटो दाखवा. दोन-तीन दिवसांनी पुन्हा विचारा. उत्तर तेच आलं तर ते त्यांचं मत समजा. कदाचित त्यांना यातलं काहीच नको असेल. कोणाला हाक न मारता, आपलं आपण संडासला जाता यावं, एवढंच हवं असेल. तसं असेल तर तुमची खरेदी साफ वेगळी ठरते.

आता मिस्टरांची शंका. ऐकायला ती बिनतोड वाटते, पण त्यात दोन वेगवेगळ्या स्मृतींची गल्लत झाली आहे. जेवलो का, सकाळी कोण आलं होतं, ही एक स्मृती. डिमेन्शियात बहुधा ती आधी जाते. हाताला बसलेली सवय ही दुसरी. ती मेंदूत वेगळ्या जागी असते आणि बऱ्याच जणांत उशिरापर्यंत टिकते. नातीचं नाव न आठवणारे आजोबा अडकित्त्याने सुपारी बिनचूक कातरतात, ते त्यामुळेच. या वाटेने नवी गोष्टही थोडीफार शिकवता येते: रोज थोडा वेळ, तीच जागा, तेच शब्द, आणि चुकल्यावर टोकण्याऐवजी चुकण्याआधीच हाताला हात लावून. म्हणजे 'विसरतात' एवढ्यावरून खुर्ची नाकारण्यात अर्थ नाही. लक्ष किती वेळ टिकतं, 'थांबा' म्हटल्यावर हात थांबतो का, अंतराचा अंदाज येतो का, आणि डावीकडचं दिसतं का, हे मात्र तपासायला हवं.

डावीकडचं मी मुद्दाम म्हटलं. पॅरालिसिस डाव्या अंगावर म्हणजे इजा मेंदूच्या उजव्या भागाला. अशा काही जणांचं डावीकडे लक्षच जात नाही. डोळे ठीक असतात, चष्म्याचा नंबरही बरोबर असतो, पण डावीकडे काही आहे याची मेंदू दखल घेत नाही. घरच्या घरी याचा अंदाज घ्यायला ताट पुरतं. आपल्याकडे डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर आणि उजवीकडे भाजी, आमटी. अण्णांच्या पानातली कोशिंबीर रोज तशीच राहते का? 'हल्ली त्यांना आवडत नाही' म्हणून तुम्ही सोडून दिलं असेल. एक दिवस त्यांची आवडती भाजी डावीकडे वाढा आणि काही न बोलता बघत राहा. उजवीकडचं संपवून ते हात धुवायला उठू लागले, तर ताट फिरवून ती भाजी उजवीकडे आणा. आता 'अरे, ही राहिलीच की' म्हणून खायला लागले, तर ते न्यूरोच्या डॉक्टरांना नक्की सांगा. सोबत हेही पाहा: वॉकर नेमका डाव्या चौकटीला अडकतो का, दाढी डाव्या गालावर राहते का, बंडीची डावी बाही घालायची राहून जाते का.

तसं आढळलं, तर दिरांच्या व्हिडिओतल्या यंत्रांचा एक भाग अण्णांच्या कामाचा आहे, आणि दुसरा भाग त्यांना गोंधळात टाकणारा आहे. तो फरक कळायला ही यंत्रं चालतात कशी ते बघावं लागेल.

स्मार्ट व्हीलचेअर म्हणजे बॅटरीच्या खुर्चीला जोडलेले सेन्सर आणि त्यांचं ऐकून मोटारीला हुकूम देणारा छोटा संगणक. सेन्सर कोणी आवाजाच्या लहरींचे लावतो, कोणी लेझरचे, कोणी अंतर मोजणारा कॅमेरा बसवतो. चांगल्या यंत्रात यातले दोन-तीन प्रकार एकत्र असतात, कारण एकाला जे दिसत नाही ते दुसऱ्याला दिसतं. मदतीच्याही पायऱ्या असतात. सगळ्यात साध्या यंत्रात नुसता इशारा मिळतो: दिवा लागतो, आवाज येतो किंवा खुर्ची थरथरते. त्यापुढचं यंत्र वेग कमी करतं, नाहीतर थांबवतं. त्याहून पुढचं हळूच दिशा बदलून अडथळ्याच्या बाजूने काढतं. आणि सगळ्यात वर, ठरलेल्या ठिकाणी आपली आपण नेणारी खुर्ची. टोकियोच्या हानेदा विमानतळावर व्हिल नावाच्या जपानी कंपनीच्या अशा खुर्च्या २०२० पासून प्रवाशांना गेटपर्यंत सोडून रिकाम्या परत येतात. पण तिथे जमीन गुळगुळीत, नकाशा आधीच ठरलेला आणि वाटेत कोणी ॲक्टिव्हा आडवी लावून दूध आणायला गेलेलं नसतं. जेलरोडच्या फुटपाथबद्दल मी तुम्हाला काय सांगायचं!

दीर टोरांटोत आहेत हे एका अर्थी बरं आहे. विसरणाऱ्या वृद्धांसाठी अशा खुर्च्या कशा असाव्यात यावर जगात जे मोजकं काम झालंय, त्यातलं बरंच त्यांच्याच शहरात झालंय. तिथल्या वृद्धाश्रमांत डिमेन्शिया असलेल्यांना बॅटरीची खुर्ची बरेचदा नाकारली जाते. ते दुसऱ्या कोणाला धडकतील ही भीती. हातांनी चाकं फिरवायला ताकद नाही आणि मोटार द्यायला भरवसा नाही, म्हणून माणूस सकाळी जिथे बसवला तिथेच संध्याकाळपर्यंत. टोरांटो विद्यापीठातले ॲलेक्स मिहायलिडिस, व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात संशोधन केलेल्या पूजा विश्वनाथन आणि त्यांचे सहकारी नेमके या लोकांसाठी खटपट करत होते. त्यांच्या एका यंत्राचं नाव नोआ. कॅमेऱ्याला समोर अडथळा दिसला की खुर्ची त्या दिशेने जाणं बंद करायची, आणि मग आवाज यायचा की या बाजूला वळून पाहा. वाट चुकली तर आठवणही करून द्यायची. वृद्धाश्रमातल्या थोड्या लोकांबरोबर चाचण्या झाल्या. धडका कमी झाल्या.

पण मला या कामातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. त्यांनी या वृद्धांना तीन प्रकारे खुर्चीत फिरवून बघितलं: एकदा खुर्ची फक्त धडक टाळणार, एकदा दिशा सुधारणार, एकदा सगळंच आपलं आपण करणार. अरुंद जागेत उलटं लावताना, टेबलाखाली शिरताना मदत हवीशी वाटली. एरवी मात्र बहुतेकांना ताबा थोडाफार तरी आपल्या हाती हवा होता, आणि माणसागणिक, प्रसंगागणिक पसंती बदलत होती. स्मरणशक्ती गेली तरी 'माझी गाडी मी चालवणार' हे गेलं नव्हतं.

आता गोंधळ कुठे होतो तो पाहा. अडथळा दिसला, खुर्ची थांबली. तुम्हाला-मला कळतं की पुढे स्टूल आहे म्हणून थांबली. अण्णांना स्टूल दिसतंय, पण स्टूल आणि थांबणं यांचा संबंध लागेलच असं नाही. ते जॉयस्टिक, म्हणजे खुर्ची चालवायची छोटी दांडी, पुढे ढकलतात, खुर्ची हलत नाही. आणखी जोरात ढकलतात. 'बिघडलं हे,' म्हणतात. हाताच्या आधारावर रेटा देऊन उठायला बघतात, आणि नेमके तिथे पडतात. धडक टळली, पण माणूस पडला. म्हणूनच थांबण्याच्या जोडीला समजावणारा आवाज लागतो. व्हिडिओतली खुर्ची बोलते का, आणि कोणत्या भाषेत, ते दिरांना विचारा. पाठीमागून अचानक इंग्रजीत बाईचा आवाज आला तर अण्णा वळणार कशाला, ते आधी 'कोण आलंय बघा' म्हणतील. आणि ज्याचं डावीकडे लक्षच जात नाही त्याला 'डावीकडे वळा' सांगून कितपत उपयोग, हाही प्रश्न आहेच.

शिवाय सेन्सरचे स्वतःचे आंधळे कोपरे असतात. काच आणि आरसा कॅमेऱ्याला, लेझरला फसवतात. कडक उन्हात इन्फ्रारेडचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाने अंतर मोजणाऱ्या सेन्सरचा, अंदाज चुकतो. मऊ पडदा, वाळत घातलेली साडी यांच्यावरून आवाजाची लहर नीट परत येत नाही. स्टीलच्या खुर्चीचा बारीक पाय निसटू शकतो. आणि सगळ्यात घातक ती खाली जाणारी पायरी, कारण तिथे समोर काही नसतंच. खोलगट जागा ओळखायला वेगळी सोय लागते, ती सगळ्या यंत्रांत नसते. लिफ्टच्या शेजारीच जिना हे आपल्या सोसायट्यांमधलं नेहमीचं चित्र आहे. बॅटरीची खुर्ची आणि अण्णा मिळून सव्वाशे किलोच्या आसपास वजन होऊ शकतं. ते जिन्याच्या तोंडाशी एकटं असता कामा नये, सेन्सर कितीही भारी असले तरी.

म्हणून आधी स्वस्तातलं काम. घरात आहे ती साधी व्हीलचेअर बाहेर काढा आणि ब्रेक बघा. डिमेन्शियातला माणूस ब्रेक न लावता उठतो. खुर्ची मागे सरकते आणि तो खाली जमिनीवर बसतो. यावर एक छोटं जोडकाम मिळतं: बसलेला माणूस उठू लागला, बैठकीवरचं वजन गेलं, की चाकं आपोआप अडतात, पुन्हा बसला की सुटतात. ना बॅटरी, ना संगणक. विसरणाऱ्या माणसासाठी मला विचाराल तर खुर्चीतली सगळ्यात हुशार वस्तू हीच. सर्जिकलच्या दुकानात 'उठल्यावर आपोआप लागणारे ब्रेक' म्हणून विचारा. नसतील तर मागवून देतात. तोपर्यंत ब्रेकच्या दांडीला लाल चिकटपट्टी गुंडाळा, डावीकडच्या दांडीला जरा जास्तच, आणि प्रत्येक वेळी एकच वाक्य म्हणा: 'लाल दांडी ओढा.' माईंनीही तेच, तुम्हीही तेच. शब्द बदलू नका.

दुसरं, बैठकीची उंची. नेहमीच्या व्हीलचेअरची बैठक जमिनीपासून साधारण २० इंचांवर असते, वर गादी टाकली की आणखी उंच. पाय लोंबकळतात आणि पायपट्टीवरच ठेवावे लागतात. बैठक खाली घेतली आणि पायपट्ट्या काढल्या, तर माणूस बसल्या बसल्या पायांनी खुर्ची चालवू शकतो. इंदिरानगरच्या एका निवृत्त शिक्षिकांची खुर्ची आम्ही अशी खाली घेतली. घरच्यांना वाटत होतं त्यांना काहीच नको असतं. खुर्ची टेकल्या टेकल्या बाईंनी पाय आपटत, मागे-पुढे करत, पडदा बाजूला सारून थेट गॅलरी गाठली आणि तुळशीची वाळकी पानं खुडायला लागल्या. जॉयस्टिक शिकवावी लागते. पाय हलवणं कुणी शिकवायला लागत नाही. अण्णांचा उजवा पाय चांगला आहे. डावा घासटत असेल तर फक्त डावी पायपट्टी ठेवा, तो चाकाखाली जायला नको. हे माईंच्या शंकेलाही उत्तर आहे. त्यांची भीती खोटी नाही: खुर्चीत बसवून ठेवलेल्या माणसाचे पाय खरंच आटतात. पण खुर्ची लांबच्या अंतराला आणि वॉकर खोलीतल्या खोलीत, असं ठरवलंत तर चालणं जात नाही. फिजिओ येत असतील तर त्यांच्याकडून रोजचं उठ-बस किती वेळा ते ठरवून घ्या. आणि दोनदा पडले त्याचं कारण शोधल्याशिवाय राहू नका: उभं राहिल्यावर बीपी उतरतं का, झोपेची गोळी कधी देता, मोतीबिंदू बघून घेतलाय का. विसरणं एकदम दोन-चार दिवसांत वाढलं तर ते वयावर ढकलू नका. लघवीच्या इन्फेक्शननेही असं होतं, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

मग टेप घेऊन घर मोजा. चौकटीची रुंदी नव्हे, दार उघडल्यावर उरणारी मोकळी जागा. साध्या खुर्चीला बाहेरून बाहेर २४ ते २६ इंच लागतात, आणि बोटं खरचटू नयेत म्हणून दोन्हीकडे थोडी सूट. आपल्या जुन्या फ्लॅटमधलं संडासचं दार इथे बहुतेक नापास होतं. हे आत्ता कळलेलं बरं, डिसेंबरमध्ये दोन लाखांची वस्तू दाराशी अडल्यावर नको. उंबऱ्याला आणि सोसायटीच्या पायऱ्यांना रॅम्प करायचा तर हिशोब एकास बारा: एक इंच चढाला एक फूट लांबी. तीन इंचांचा उंबरा तीन फुटांत जातो. पण सात-सात इंचांच्या तीन पायऱ्या म्हणजे २१ फूट, आणि तेवढी जागा पार्किंगमध्ये कोण सोडणार, हा सोसायटीच्या मीटिंगचा विषय. चेअरमनना आत्ताच सांगून ठेवा.

इतकं झाल्यावर, आणि अण्णांना खरोखर लांब जायचं असेल तर, बॅटरीच्या साध्या खुर्चीची चाचणी घ्या. विकत घेऊ नका. विक्रेत्याला घरी आणायला सांगा. पाठीमागच्या माणसाच्या हाती ताबा देणारी जॉयस्टिक असलेलीच मागा. कमाल वेग आणि सुटतानाचा झटका दोन्ही कमीत कमी करून घ्या, बऱ्याच खुर्च्यांत तशी सोय असते. हॉलमधलं सामान हलवून मधून रंगीत पट्टी चिकटवा आणि अण्णांना तिच्यावरून जाऊ द्या. जॉयस्टिक सोडली की खुर्ची थांबते, त्यामुळे 'हात सोडा' हा एकच शब्दप्रयोग ठेवा. आणि एक गोष्ट डोळ्यात तेल घालून बघा: घाबरल्यावर अण्णा हात सोडतात की आवळतात? त्यांच्या नकळत मुलीला बाजूने जोरात हाक मारायला सांगा. दचकून जॉयस्टिक घट्ट धरली गेली, तर स्वतः चालवणं नको. माईंनी पाठीमागून ताबा घ्यावा. माईंना ढकलायला झेपत नाही ही मूळ अडचण तेवढ्यानेही सुटते. अर्थात चालवण्याइतकी माईंची तब्येत आणि नजर आहे का तेही बघा, त्यांचंही वय झालंय. चाचणी दुपारी चारच्या आत करा. दिवेलागणीला अनेकांचा गोंधळ वाढतो. त्या वेळी कोणाचीही परीक्षा घेऊ नये.

अण्णा यात पास झाले आणि फक्त डावीकडे धडकत राहिले, तरच सेन्सरचा विषय काढा. पूजा विश्वनाथन यांनीच पुढे टोरांटोत ब्रेझ मोबिलिटी नावाची कंपनी सुरू केली. खुर्चीच्या न दिसणाऱ्या बाजूंवर नजर ठेवणारे आणि दिवा, आवाज किंवा थरथर यांनी सांगणारे सेन्सर ती बनवते. ते आधीच्या खुर्चीला जोडता येतात. खुर्ची हिसकावून घेत नाहीत, सांगतात. अमेरिकेतली ल्युसी नावाची प्रणाली याहून पुढे जाऊन वेग कमी करते, थांबवते. पण ती ठरावीक परदेशी खुर्च्यांवरच बसते. आणि आपल्याकडे आयआयटी मद्रासमधून निघालेल्या निओफ्लाय या व्हीलचेअरच्या आणि निओबोल्टच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. काम उत्तम आहे, पण निओबोल्ट म्हणजे खुर्चीपुढे जोडायची, ताशी २५ किलोमीटरपर्यंत जाणारी मोटार. ती हिंडत्या-फिरत्या तरुणांसाठी. अण्णांसाठी नाही.

एका गोष्टीत माझा सूर कडक लागेल. खुर्चीतून उठू नयेत म्हणून ओढणीने किंवा लुंगीने बांधणं, कुठल्याही खुर्चीत, कितीही थोड्या वेळासाठी, नको. कंबरेचा पट्टा उतारावर घसरू नये म्हणून असतो. डांबून ठेवायला बांधलं की माणूस सुटायला धडपडतो, खाली सरकतो आणि गळ्याशी येतं. पुन्हा पुन्हा उठत असतील तर बहुतेक वेळा कारण असतं: लघवी लागलेली असते, भूक असते, किंवा बसून बसून माकडहाड दुखत असतं. रात्री कपडे बदलताना माकडहाडाची आणि टाचांची जागा बघत चला. लाल डाग दाबल्यावर फिका पडत नसेल तर ती जखमेची सुरुवात आहे, आणि अण्णा ती तुम्हाला बोलून दाखवणार नाहीत.

पैशाचं थोडक्यात. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्यांना साहाय्यक साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात, पण कौटुंबिक उत्पन्नाची अट वर्षाला दोन लाखांची आहे. घरात दोन पगार असताना तुम्ही त्यात बसणार नाही. गरजू शेजाऱ्यांना जरूर सांगा. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७ फुकट आहे.

दिरांना नाराज करू नका. लांब बसलेल्या मुलाला आपण काहीतरी करावं असं वाटतं, आणि वस्तू पाठवणं त्याला जमण्यासारखं असतं. त्यांना सांगा की त्याच पैशात दुपारी तीन ते सात येणारी एक शिकाऊ का होईना मावशी ठेवू. ती अण्णांना आधी गेटपर्यंत, मग मुक्तिधामपर्यंत नेईल आणि माईंना तेवढा वेळ पाठ टेकता येईल. देशात साठीपुढच्यांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असावा असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या बहुतेकांना कोणी ना कोणी माईच सांभाळत असणार. त्यांची विश्रांती हाही अण्णांच्या औषधाचा भाग धरा.

एवढं करूनही दीर खुर्चीवरच अडून बसले, तर तिकडे पैसे भरण्याआधी त्यांनी विक्रेत्याला हे विचारावं: मागच्या माणसाकडे ताबा देता येतो का, वेग कुलूपबंद करता येतो का, खाली जाणारी पायरी ओळखते का, आणि नाशिकला किंवा निदान मुंबई-पुण्याला ती दुरुस्त कोण करेल. कॅनडात वीज १२० व्होल्टची, आपल्याकडे २३०. चार्जर दोन्हींवर चालणारा आहे ना, हे चार्जरवरच्या चिठ्ठीत वाचून घ्यावं. घडीच्या खुर्चीची लिथियम बॅटरी काढता येत असेल तर विमानात तिला ३०० वॅट-अवरची मर्यादा असते, आणि विमान कंपनीला आधी कळवावं लागतं. विमानतळावर बॅटरी अडली तर घरी येईल ती नुसती जड खुर्ची.

ताट, ब्रेक आणि दारांची मापं, एवढं पंधरा दिवसांत होण्यासारखं आहे. काय आढळलं ते कळवा, मग पुढचं बोलू.

ता. क. संडासच्या आणि बेडरूमच्या दारात गडद रंगाचं पायपुसणं असेल तर आजच उचला. डिमेन्शियात काळा चौकोन बऱ्याच जणांना खड्डा वाटतो. ते त्यावर पाय टाकत नाहीत, किंवा ओलांडायला मोठं पाऊल टाकतात आणि तोल जातो. जमिनीच्या रंगाचं, न सरकणारं टाका, नाहीतर टाकूच नका.